दुसरीतील मुलगी ऐकलेली संख्या उलटी लिहिते : घरी सराव कसा घ्यावा?

नमस्कार. दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या संख्यालेखनाबाबत अनुभवी शिक्षकांचे आणि पालकांचे मार्गदर्शन हवे आहे.

मी 'सत्तेचाळीस' म्हटले की ती ७४ लिहिते आणि 'त्रेसष्ट' म्हटले की ३६. 'एकोणपन्नास' ऐकल्यावर तर बहुतेक वेळा ५९ लिहिते, कारण त्या नावात चारही नाही आणि नऊही नाही. मात्र ४७ लिहून दाखवल्यास दहा-दहा मण्यांच्या चार माळा आणि सात सुटे मणी ती न चुकता मांडते. त्यामुळे दशक-एकक तिला समजले आहे, अशी माझी खात्री आहे. वर्गात मात्र 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळतो आणि त्याने ती फार खट्टू होते.

माझ्या समजुतीप्रमाणे अडचण अशी आहे, की आपल्या संख्यानामांत एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी लिहावा लागतो. म्हणजे ऐकलेला सात मनात धरून ठेवायचा, चार लिहायचा आणि मग सात आठवायचा, हे सारे ज्या कार्यस्मृतीवर अवलंबून आहे ती या वयात अजून घडतच असते. जर्मन भाषेतही हाच उलटा क्रम आहे आणि ती बोलणाऱ्या मुलांतही अशा चुका आढळल्या आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर 'वीस एक' अशी वाचनपद्धत दिली, तेव्हा मोठा वाद झाला होता. तेव्हा मलाही ती अनावश्यक वाटली होती. आता मुलीची ओढाताण पाहून माझे मत बदलले आहे.

गेला आठवडाभर मी 'चाळीस सात, म्हणजे सत्तेचाळीस' अशी दोन्ही नावे जोडीने म्हणते आणि चुका कमी झाल्यासारख्या वाटतात. परंतु दुकानात, बसमध्ये, आजी-आजोबांच्या बोलण्यात तिला सत्तेचाळीसच ऐकावे लागणार आहे. मग जोडनावाचा आधार केव्हा आणि कसा काढून घ्यावा? रोज किती संख्यांचे श्रुतलेखन पुरेसे आहे? शेजारच्या ताई मेंदूच्या विकासासाठी अबॅकसचा वर्ग सुचवतात. पण तिथल्या वेगाच्या सरावाने ऐकून लिहिण्यातील ही नेमकी अडचण सुटेल, असे मला वाटत नाही. कोणाचा वेगळा अनुभव असल्यास जरूर सांगावा. आणि ही चूक कोणत्या इयत्तेपर्यंत स्वाभाविक मानावी, कोणती लक्षणे दिसल्यास अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्यावी?