वेबसाइटवाल्यांचं पेव

कोरा_कागद
परवा तिरकस यांनी लिहिलं होतं, "वेबसाइट पाच हजारांत होते, वरचे चाळीस हजार ब्रँड स्टोरी नावाच्या हवेचे. गावोगाव या स्टोरीवाल्यांचं पेव फुटलंय. छोट्या धंद्याला व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगल मॅपवर पत्ता, एवढं बास." दोन दिवस गप्प बसलो. आज नाही राहवत.

सांगलीत माझं दोन टेबलांचं ऑफिस आहे. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर कोडिंग करणारा पोरगा. पाच हजारांत काय होतं ते मला माहीत आहे, कारण पहिल्या वर्षी मीच ते विकलंय. तयार थीम, वर दुकानाचं नाव, खाली सॅलड खाऊन हसणारी परदेशी बाई. दुकान कशाचं? हार्डवेअरचं.

पंचेचाळीस हजारांतला निम्मा वेळ मजकुराची वाट बघण्यात जातो. "उद्या पाठवतो" म्हणतात आणि तीन आठवड्यांनी जीएसटी सर्टिफिकेटचा फोटो येतो. त्यातून 'आमच्याविषयी' लिहायचं.

मागच्या वर्षी एक हळदीचे व्यापारी आले, तिसरी पिढी. त्यांना 'आजीच्या हातची हळद' हवी होती. आजी मुख्याध्यापिका होत्या, हळदीला कधी हात लावलेला नाही. बोलता बोलता निघालं की आजोबांची सांगलीजवळ हरिपूरला पेवं होती. मी दोन दुपारी तिथे जाऊन बसलो. दोन-तीन पुरुष खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. हळद भरून तोंड मातीने लिंपलं की आत हवा नाही, म्हणून कीड नाही. उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. हे लिहिलं, फोटो टाकले, आणि पुण्यामुंबईहून दोन-दोन किलोच्या ऑर्डरी यायला लागल्या. आता ही हवा म्हणायची का?

तिरकस
पेवात हवा नसते हे तुम्हीच सांगितलंत, त्यामुळे प्रश्न निकालात. विनोद सोडा. ऑर्डरी गोष्टीमुळे आल्या की साइटवर पहिल्यांदा फोन नंबर दिसला म्हणून? माझ्या मेहुण्याचं बेकरीचं दुकान आहे. साइट नाही, स्टोरी नाही. सकाळी सातला व्हॉट्सॲपवर खारीचा फोटो टाकतो, नऊला माल संपतो.

लोणचंवाली
तिरकसदादा, मेहुण्यांचं व्हॉट्सॲप खातं एकदा बंद पडू दे, मग बोलू. माझं सीझनमध्ये, ऐन कैरीत, चार दिवस बंद होतं.
पण मला वेगळंच विचारायचंय. माझी साइट ज्याने केली त्याने डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतलंय. आता फोन उचलत नाही. नूतनीकरण दीड महिन्यावर आलंय. काय करू?

हिशेबी_आबा
मूळ मुद्दा दोघांनीही सोडलाय. कोरा_कागद, पंचेचाळीस हजार मागता, पण हातात कधी पडतात? माझ्याकडे असे चार डिझायनर अशील आहेत. चौघांचं दुखणं एकच, उधारी. सरकारकडे छोटा उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी केलीत का? आयकरातलं 43बी(एच) कलम आल्यापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे पंधरा दिवसांत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजा करता येतो, आधी नाही. व्यापाऱ्यांना हे लागू नाही, सेवा देणाऱ्यांना आहे. स्टोऱ्या लिहिता, करार लिहीत नाही.

कोरा_कागद
आबा, नोंदणी आहे. एका बिल्डरला बिलासोबत तो नियम कळवला. त्याच्या अकाउंटंटचा फोन आला, "पुढच्या वेळी उद्यम नसलेला माणूस बघू." नियम बरोबर आहे हो. तो दाखवला की गिऱ्हाईक जातं, त्याला कोणतं कलम?

हिशेबी_आबा
असं गिऱ्हाईक गेलेलंच बरं. निम्मे पैसे आगाऊ घ्या.

कोरा_कागद
घेतो की. उरलेल्या निम्म्याबद्दलच बोलतोय.

कृष्णाकाठ
मी हरिपूरचा. आमच्या चुलत्यांची पेवं होती, म्हणून विचारतो. या व्यापाऱ्यांची हळद आज पेवात ठेवतात का? 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, माल कुजला. 2019 ला पुन्हा तेच पाणी. आता जो तो गोदामात नाहीतर कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतो. आणि सांगलीच्या बाजारात कर्नाटकातूनही हळद येते, ती याच पोत्यांत भरतात. तुमच्या साइटवर पेवाचा फोटो आणि शेजारी 'आत्ताच मागवा' असं बटण असेल, तर वाचणाऱ्याला काय वाटणार?

तिरकस
आता मजा आली.

कोरा_कागद
मी कुठेही "आमची हळद पेवातली" असं लिहिलेलं नाही. "आमच्या आजोबांच्या पेवांपासून" असं आहे.

कृष्णाकाठ
हे वाक्य वकिलाला दाखवा, त्याला आवडेल. माझ्या चुलत्यांचा माल पेवात सडला तेव्हा वास आठवडाभर गल्लीत होता. तो वास तुमच्या 'आमच्याविषयी'त नाही. फोटो मात्र आहे, पिवळ्या उजेडात.
आणखी एक. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तुमच्या साइटवर तो बिल्ला आहे का? असला तर गिऱ्हाईक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेलं आहे का?

कोरा_कागद
बिल्ला नाही. तेवढी अक्कल आहे.

एजन्सी_सोडलेली
मी मुंबईत सात वर्षं हेच केलं, मोठ्या एजन्सीत, मोठ्या पैशांत. माझ्या हातून अकरा आज्या जन्माला आल्या. एक मसाल्याची, दोन तुपाच्या, एक चक्क गाद्यांच्या कंपनीची. फोटोसाठी एकाच बाईंना दोनदा बोलावलं होतं, दुसऱ्यांदा नथ बदलली. कृष्णाकाठ चिडलेत ते बरोबर आहे, पण निदान हा माणूस दोन दुपारी पेवापाशी जाऊन बसला. आम्ही तर गुगलवर 'व्हिलेज ग्रँडमदर' शोधायचो.

तिरकस
म्हणजे कमी खोटं ते खरं? आणि हेच मी पहिल्या दिवशी 'हवा' म्हणालो तेव्हा सगळे अंगावर आलात.

लोणचंवाली
माझ्या सासूबाई खरंच लोणचं घालतात हो! फोटो लावला तर त्याच म्हणाल्या, "काढ तो, लोक विचारतील एवढ्या वयात कामाला का लावलंय." मग काय लिहायचं मी? आणि डोमेनचं कोणी सांगेल का?

कृष्णाकाठ
चिडलोय, नाही म्हणत नाही. पण गोष्ट सांगायचीच तर पूर्ण सांगा. पेवं होती, पुरात गेली, आम्ही तरी हळदच विकतोय. यात कमीपणा काय? उलट मी तर अशा माणसाकडून घेईन.

कोरा_कागद
गिऱ्हाईक पूर शब्दाला तयार होणार नाही. "निगेटिव्ह वाटतं" हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकतो.

कृष्णाकाठ
विचारून बघितलंत?

कोरा_कागद
नाही.

हिशेबी_आबा
चला, एक तरी सरळ उत्तर.

तिरकस
पाच हजारांच्या साइटमध्ये निदान पूर लपवायला लागत नाही. तरी एक कबूल करतो, आणि फक्त एकच: मेहुण्याचं खातं परवा खरंच एक दिवस बंद पडलं. लोणचंवाली, नजर लावलीत तुम्ही. त्याला आता 'साधीशी' साइट हवीय. मी पाच हजार सांगितलेत. कोडिंग येणारं कोणी आहे का?

एजन्सी_सोडलेली
पाच हजारांत सॅलडवाली बाई मिळेल. बेकरीला तिच्या हातात खारी देऊ.

कोरा_कागद
काल संध्याकाळी हळदवाल्यांना फोन केला. म्हटलं, "आजोबांची पेवं पुरात गेली, आता माल गोदामात असतो, असं लिहू का?" बराच वेळ पलीकडे आवाज नाही. मग म्हणाले, "लिहा. बाबांनी ती पोती स्वतः उपसली होती. पण गोदाम नको, वेअरहाऊस म्हणा." कृष्णाकाठ, मजकूर बदललाय. गोदामच ठेवलंय. आणि या बदलाचे वेगळे पैसे मागितले तर ते म्हणाले, चूक तुमची होती.

हिशेबी_आबा
करारात दुरुस्त्यांची संख्या लिहिली होती?

कोरा_कागद
आबा, प्लीज.

कृष्णाकाठ
वाचलं. 'कुजला' ऐवजी 'खराब झाला' लिहिलंय. असू दे.

लोणचंवाली
इतक्या जणांनी इतकं लिहिलं. माझं डोमेन?

एजन्सी_सोडलेली
ताई, खरंच राहिलं. हूइजमध्ये, म्हणजे डोमेनचा मालक शोधायच्या नोंदीत, कोणाचं नाव दिसतं ते आधी बघा. तुमचं नाव किंवा ईमेल असेल तर रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीला, पुराव्यासकट लिहा, ट्रान्स्फरचा कोड त्यांच्याकडून मिळवता येतो. त्याच्याच नावावर असेल तर तो हलल्याशिवाय अवघड आहे. पैसे दिल्याच्या पावत्या आणि जुने मेसेज जपून ठेवा. तोवर बरणीच्या लेबलवर साइटचा पत्ता छापू नका.

लोणचंवाली
चारशे लेबलं कालच छापून आलीत.