मार्चच्या घरट्यांवर सावली करावी का?

पुळणकर
दापोली तालुक्यात नऊ वर्षं कासवमित्र म्हणून काम करतोय. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, पुरायची, पिल्लं समुद्रात सोडायची. डिसेंबरातल्या घरट्याला पंचावन्नेक दिवस लागतात. यंदा उन्हाळ्यातलं एक घरटं ४६व्या दिवशीच खचलं. पिल्लं वर यायच्या आधी वाळू वाटीसारखी खचते, सकाळी आधी तेच बघतो. ११२ अंड्यांतून ३८ पिल्लं आली. उरलेली अंडी उघडली तर बहुतेकांत पूर्ण वाढलेली पिल्लं. डोळे, वल्ह्यासारखे पाय, सगळं तयार, आणि मेलेली. त्या दिवशी घास उतरला नाही.

हॅचरीवर सुरूच्या झाडांची सावली यायची, ती झाडं २०२०च्या निसर्ग वादळात आडवी झाली. शेडनेट बांधायचं मनात आहे. पण उष्ण वाळूत माद्या आणि गार वाळूत नर होतात म्हणे. सावली केली आणि सगळे नरच झाले तर?

सागरी_जीव
दादा, बांधा. लिंग ठरतं ते अंडी उबण्याच्या मधल्या दिवसांत. साधारण २९-३० अंशांच्या आसपास नर-मादी निम्मे होतात, त्यावर माद्या वाढतात. पण ३४-३५च्या वर सलग राहिलं तर नर नाही आणि मादीही नाही, पिल्लू आतच जातं. एप्रिलच्या उन्हात नुसत्या शेडनेटने सगळे नर होण्याइतकी वाळू गार होत नाही. थंडीतली घरटी मात्र उघडीच ठेवा, नर मिळाले तर तिथूनच मिळतील.

तापमान अंड्यांच्या मधोमध मोजा. वाढणारी पिल्लं स्वतःच ऊब देतात, शेवटी शेवटी घरटं शेजारच्या वाळूपेक्षा गरम असतं. आणि पिल्लू वरून बघून नर की मादी ते कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा ‘सगळ्या माद्याच’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

गुहागरची_ताई
अंडी उचलताना तुमची चूक झाली, हे आधी मनातून काढा. तेव्हा धक्का बसला असता तर अंडी कोवळीच राहिली असती. पूर्ण वाढून मेली म्हणजे शेवटच्या दिवसांतली उष्णताच असणार.

जाळी वाळूपासून हातभर वर बांधा, खालून वारा खेळू दे. पाणी मारू नका, आम्ही एका वर्षी मारलं आणि अंड्यांना बुरशी धरली.

ओडिशात २०२१मध्ये टॅग लावलेली मादी २०२५च्या जानेवारीत आमच्याकडे अंडी घालून गेली. तेव्हापासून एकेका घरट्याचा जीव लागलाय.

पुळणकर
ताई, रात्री नीट झोप लागेल आता. पाच घरटी उरलीत. वनविभागाशी बोलून उद्या बांबू रोवतो. तापमापकाची तार अंडी पुरतानाच आत सोडायची, की आता बाजूने खोचली तर चालेल? पुरलेल्या अंड्यांना हात लावायची हिंमत होत नाही.

सागरी_जीव
पुरलेल्यांना अजिबात हात नको. बाजूला वीतभर अंतरावर, अंड्यांच्याच खोलीवर खोचा आणि आतलं एक-दोन अंश जास्त धरा. पुढच्या हंगामात पुरतानाच आत सोडा.