पायांवर झोपायची सवय आणि पुढच्या महिन्यात पाळणाघर (नेदरलँड्स) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही आइंडहोवनला राहतो. लेक अडीच महिन्यांची आहे. इथे बाळंतपणाची रजा साधारण १६ आठवड्यांची, त्यातले चार-सहा बाळ व्हायच्या आधीच संपतात, म्हणून पुढच्या महिन्यात तिला पाळणाघरात ठेवणं भाग आहे. आई मदतीला आलीय, पण व्हिसाचे ९० दिवस भरत आले.

प्रश्न झोपेचा आहे. आई तिला तेल चोळून पायांवर आंघोळ घालते, दुपट्यात गुंडाळते आणि पुन्हा पायांवरच आडवी घेऊन हलवत झोपवते. तोंडाने अखंड बडबड. "कोण आलं? आजी आली! भूक लागली माझ्या सोन्याला? लागली ना!" प्रश्नही आजीचा, उत्तरही आजीचं. पोरगी मस्त खूश असते. खाली ठेवली की थोड्याच वेळात टक्क जागी!

कॉन्सुल्टात्सीब्युरोत, म्हणजे बाळांची वाढ तपासतात तिथे, नर्स तिच्याशी एक वाक्य बोलली आणि गप्प राहून बघत बसली. हिने हुंकार दिल्यावर मग पुढचं वाक्य. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू. तिचा सल्ला खास डच: शांतता, स्वच्छता, नियमितपणा. जांभया सुरू झाल्या की स्लीपिंग बॅगेत घालून, उताणी, तिच्याच पलंगात जागीच ठेवा. जागी असताना बॉक्समध्ये एकटी खेळू द्या. बॉक्स म्हणजे उंच तळाचा लाकडी कठडा, इथे घरोघरी असतो. आमच्याकडच्या बॉक्समध्ये सध्या आईने लंगोटांच्या घड्या रचल्यात. "एवढ्याशा जिवाला पिंजऱ्यात कशाला?"

नवरा हार्कनेस आणि सुपर या संशोधकांचा अभ्यास ऐकवतो: सहा महिन्यांची डच बाळं अमेरिकन बाळांपेक्षा दिवसाला सुमारे दोन तास जास्त झोपत होती. अहो, पण ती तुलना अमेरिकन बाळांशी! आजीच्या पायांवर झोपणारी त्यात कुठे होती?

आईला काही बंद करायला सांगायचं नाहीये. ती गेल्यावर मी एकटीच आहे, तोवर लेकीला हे सगळं मिळू दे. पण पाळणाघरात तान्ह्यांच्या गटात एका ताईकडे तीन बाळं असतात. बाकीच्या दोघांना सोडून ती हिला पायांवर कशी घेणार?

इथे किंवा जर्मनी-बेल्जियममध्ये ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा. रात्री आमच्या खोलीत तिच्या पलंगात आणि दिवसा आजीच्या पायांवर, असं दुहेरी चाललं तर बाळ गोंधळतं का, की जागा ओळखून तसं वागतं? आधी दुपारची एकच झोप पलंगात सुरू करावी का? आणि सवय व्हावी म्हणून पाळणाघरवाले सुरुवातीला थोडा थोडा वेळ बोलावतात, तेव्हा आजीला सोबत न्यावं का? तिथल्या ताईंना तिने काही दाखवायला घेतलं तर मी मध्ये पडावं की पडू नये?