फ्यूजनबद्दल तज्ज्ञ सांगतात ते पुरेसं असतं का?

केतकी_भौतिक: ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरने इंधनाच्या लक्ष्याला २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि फ्यूजनमधून, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र जोडली जाऊन, ३.१५ मेगाज्यूल निघाली. ‘घातली त्याहून जास्त मिळाली’ ही बातमी जगभर गेली. खरी आहे, पण लक्ष्यावर पडलेल्या लेझरपुरती. तो लेझर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल लागले. मी बारावीला शिकवते. मुलं विचारत होती, आता कोळसा बंद का? हा तिसरा आकडा त्याच वाक्यात यायला हवा होता.

वाळवंटातला_पाऊस: अहो, पण तो लपवला कुणी? घोषणेच्या पत्रकार परिषदेत ३०० चा आकडा तज्ज्ञांनीच सांगितला. वीजकेंद्राला अजून काही दशकं लागतील, हेही प्रयोगशाळेच्या संचालक किम ब्युडिल तिथेच म्हणाल्या. मथळ्यात आलं नाही, हा दोष छापणाऱ्यांचा. शिवाय तो लेझर वीज वाचवायला बांधलेलाच नाही, प्रयोगाला बांधलाय.

केतकी_भौतिक: विचारल्यावर सांगणं आणि आधी सांगणं यात फरक आहे. मथळा कुठल्या वाक्याचा होणार, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं.

जुना_तुर्भेकर: १९५५ ला जिनिव्हातल्या अणुऊर्जा परिषदेत होमी भाभांनी अध्यक्षपदावरून भाकीत केलं होतं, की नियंत्रित फ्यूजनची रीत २० वर्षांत सापडेल. भाभांबद्दल मला अपार आदर आहे, पण तारीख देण्याची सवय तेव्हापासूनची. फ्रान्समधल्या आयटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रयोगभट्टीचंच बघा: पहिला प्लाझ्मा (फ्यूजनसाठी लागणारा अतितप्त, विद्युतभारित वायू) २०२५ ला व्हायचा होता, २०२४ मध्ये नवं वेळापत्रक आलं, त्यात ड्यूटेरियम-ट्रिटियम या खऱ्या फ्यूजन-इंधनाचे प्रयोग २०३९ वर गेले. त्याच्या क्रायोस्टॅटचे, म्हणजे भट्टीभोवतीच्या पोलादी कवचाचे, भाग आपल्याकडे गुजरातेत हजिऱ्यात बनले, म्हणून मनाला जास्त लागतं. आणि ५० मेगावॅटचे ५०० होणार म्हणतात, ते प्लाझ्मा तापवायला दिलेल्या ५० चे. आयटर वीज बनवणारच नाही, हे किती जणांना माहीत आहे?

वाळवंटातला_पाऊस: तारीख दिली नाही तर ३०-४० वर्षं पैसे कोण देईल? आयटरमध्ये भारतासह सात भागीदार आहेत, प्रत्येकाला आपापल्या सरकारपुढे उभं राहावं लागतं. आणि ब्युडिल यांनी नुसती मुदत दिली नव्हती. नेटाने प्रयत्न झाले, गुंतवणूक मिळाली तर, असं म्हणाल्या होत्या.

केतकी_भौतिक: तो ‘तर’ मला हवाय. तारखेइतक्याच मोठ्या आवाजात. पैसे देणाऱ्यालाही तो आधी कळू दे.

जुना_तुर्भेकर: आणि तारीख हुकली, तर ती का हुकली हेही त्याच तज्ज्ञाने येऊन सांगावं.