‘स्टेज’ला मराठीत टप्पा म्हणावं की आणखी काही?

प्रश्न : गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहितोय. ‘शस्त्रक्रियेआधी एमआरआय करून टप्पा ठरवतात’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘म्हणजे पुढच्या तपासणीत टप्पा वाढणार का?’ ‘अवस्था’ बरा वाटतो का?

– ‘अवस्था’ नको. ‘काय अवस्था झालीय’ हेच आधी कानात वाजतं. एमआरआयमध्ये रोग कुठवर पसरलाय ते पाहतात, म्हणून माझं मत ‘व्याप्ती’ला. गाठ गर्भाशयमुखापुरती आणि २ सेंमीपेक्षा लहान असेल तर स्टेज १बी१, २ ते ४ च्या आत १बी२, ४ किंवा जास्त असेल तर १बी३. बाजूच्या ऊतींत शिरली की २बी, आणि मग सहसा शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार व केमो देतात. हे सगळं अंतराचं गणित आहे, काळाचं नाही.

– पटलं, पण रुग्णाच्या हातातल्या कागदावर ‘स्टेज’च छापलेलं असतं. तोच शब्द ठेवा आणि पुढे ‘म्हणजे रोगाची व्याप्ती’ असं एकदा सांगा. पूर्वी फिगोची (स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची) ही वर्गवारी मुख्यतः हाताने तपासून ठरे; २०१८ च्या सुधारणेत एमआरआय, सीटी, पेट स्कॅन यांचे निष्कर्षही धरता येऊ लागले. ‘ग्रेड’ मात्र वेगळा. तो सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून ठरतो. त्याला ‘प्रत’ म्हणू नका, उंची माल वाटतो!

प्रश्नकर्ता : आणि ‘पॅरामेट्रियल इन्व्हेजन’? मी ‘आक्रमण’ लिहिलंय.

– युद्धच सुरू केलंत. ‘शिरकाव’ पुरे. ‘गर्भाशयमुखालगतच्या ऊतींत शिरकाव.’ एमआरआयच्या ‘टी२’ नावाच्या प्रकारच्या चित्रांत निरोगी गर्भाशयमुखाभोवती गडद कडं दिसतं, गाठ त्यापेक्षा उजळ. कडं अखंड असेल तर शिरकाव नसल्याची बऱ्यापैकी खात्री देता येते. तुटलेलं दिसलं म्हणून शिरकाव झालाच असं मात्र नाही. मोठ्या गाठीभोवतीची सूजही फसवते. तेव्हा ‘शिरकावाची शक्यता’ आणि ‘शिरकाव’ हे दोन शब्दप्रयोग पत्रकात वेगळे ठेवा.

– एक राहिलं. ‘लिम्फ नोड’ला गाठ लिहू नका. ट्यूमरलाही आपण गाठच म्हणतो, आणि अहवालात दोन्ही शेजारी शेजारी येतात. ‘लसीकाग्रंथी’ लिहा. नाहीतर ‘गाठी १ सेंमीच्या वर’ वाचून कोणत्या गाठी, हे कुणालाच कळणार नाही.