कॉक्लिअर इम्प्लांट झालं म्हणून मुलाशी खुणा बंद करायच्या का?

देवगडची आई
कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानाच्या आत ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र, त्याचं मशीन बाहेर कानावर लावायचं. असं इम्प्लांट झालेल्या मुलाशी खुणा करू नका, असं आम्हा पालकांना थेरपीत सारखं बजावलं जातं. मला ते पटत नाही. मशीन कानावर आहे तोवर मूल ऐकतं. कॉइल, म्हणजे मशीनची डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती, डोक्यावरून निघाली की सगळं बंद, कारण माईक आणि बॅटरी बाहेरच्या भागात असते. आपल्याकडे मशीन उतरवायच्या वेळा थोड्या आहेत का? आंघोळ, झोप, पावसाची सर, समुद्र. पावसाळ्यात तर हवाच ओली, रात्री मशीन ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओल काढणाऱ्या डब्यात, ठेवल्याशिवाय सकाळी धड चालत नाही. माझी लेक पाच वर्षांची आहे. ती लाटांत उभी असताना हाक मारून काय उपयोग? मी हात उंच करून तळवा आत वळवते, ती लगेच मागे फिरते. ही खूण तिच्याकडून का काढून घेऊ?

स्पीच थेरपिस्ट, रत्नागिरी
ताई, पाण्यात खूण कराच. माझं म्हणणं घरातल्या बाकीच्या वेळेबद्दल आहे. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या हजारो केसपेशी जे काम करतात, ते इथे कानाच्या आत बसवलेले जेमतेम बारा ते बावीस इलेक्ट्रोड, म्हणजे नसेला विजेचे इशारे देणारे बारीक बिंदू, करतात. त्या तुटक आवाजातून शब्द वेगळा काढायला मेंदूला शिकावं लागतं, आणि लहान वयात तो हे सगळ्यात झपाट्याने शिकतो. 'भात वाढू?' विचारताना तुम्ही बोटं तोंडाकडे नेलीत की मूल बोटांकडे बघतं, शब्द निसटतो. आधी शब्द बोला, थोडं थांबा, नाहीच कळलं तर खूण करा.

चिपळूणचा बाबा
खुणाच करायच्या होत्या तर एवढं मोठं ऑपरेशन केलं कशाला? आमच्या मुलाला एडिप योजनेतून, म्हणजे अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून, इम्प्लांट मिळालं. आता तो नुसता हात दाखवून पाणी मागतो, कारण आजी लगेच देते. तोंड उघडायची गरजच पडत नाही त्याला. आणि रात्री वीज गेल्यावर तुमची खूण तरी दिसते का?

वेंगुर्लेकर
माझं ऐकणं पस्तिशीत गेलं, नंतर इम्प्लांट झालं. पहिले काही आठवडे सगळ्यांचे आवाज डब्यातून आल्यासारखे वाटायचे. आता घरात, फोनवर बोलतो. पण मासळीच्या लिलावात गलका सुरू झाला की आकडा अजूनही लागत नाही, भाऊ बोटं दाखवतो. गणपतीत भजनाला झांजा वाजायला लागल्या की तीच गत. मशीन उत्तम असूनही गोंगाटात डोळ्यांची मदत लागतेच. मला भाषा मात्र आधीपासून होती, लहानग्यांना ती अजून घडवायची आहे. त्या बाबतीत थेरपिस्टबाईंचं बरोबर.

देवगडची आई
चिपळूणचे दादा, वीज गेली की मी टॉर्च माझ्या चेहऱ्यावर धरते, खूण आणि ओठ दोन्ही दिसतात. जेवताना आधी शब्द, मग खूण, हे मला मान्य. आजीलाही सांगते. पण कॉइलची वायर तुटून मशीन मुंबईला गेलं की ते परत येईपर्यंत माझ्या पोरीने घरात मुकाट बसायचं का? तिला 'पोटात दुखतंय' सांगता यायला हवं, मशीन नसतानाही.

चिपळूणचा बाबा
त्या दिवसांपुरतं ठीक. पण शाळेत बाई खुणा करणार नाहीत, म्हणून आमच्याकडे बोलणंच चालू राहील.