चिनी वैद्यकातल्या 'हुओ'ला मराठीत काय म्हणायचं? अग्नी, उष्णता की आणखी काही?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. अ‍ॅक्युपंक्चर शिकणाऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि पाचव्याच पानावर अडकलेय. चिनी वैद्यकात 'वूशिंग' म्हणून पाच गोष्टी मानतात, लाकूड, अग्नी (हाच 'हुओ'), माती, धातू, पाणी. मी अग्नी तत्त्व, लाकूड तत्त्व असं लिहीत गेले. अग्नीकडे हृदय आणि लहान आतडं, ऋतू उन्हाळा, रंग लाल, चव कडू, भावना आनंद, आणि जीभ. इथवर ठीक चाललं होतं. पण पुढे 'शांगहुओ' आलं, शब्दशः अग्नी वर चढणं. तोंड आलं, घसा धरला, हिरड्या सुजल्या, पुटकुळ्या आल्या की तिकडची साधी माणसं हेच म्हणतात. आता 'अग्नी चढला' लिहिलं तर आपला वाचक समजणार की भूक खवळली, कारण आपल्याकडे अग्नी म्हटलं की जठराग्नी. पुस्तिका तपासणारे म्हणतात पित्त लिहा. मला ते पटत नाहीये. काय करू?

सोनटक्का:
पित्त अजिबात नको. अंगावर उठतं ते पित्त, घशाशी येतं ते पित्त, डोकं धरतं ते पण पित्त, त्यात अजून एक चिनी कशाला? आमची आजी तोंड आलं की म्हणायची "उष्णता झालीय तुला" आणि रात्री सब्जा भिजत घालायची. शांगहुओ म्हणजे उष्णता होणं. इतकं सोपंय.

दुर्वांकुर:
'उष्णता झाली' हे घरात बोलायला ठीक, छापील पुस्तकात दाह लिहावं. आणि पाच तत्त्वं कशाला, आपल्याकडे पंचमहाभूतं हा तयार शब्द आहे की.

उंबरठा:
महाभूतं चालणार नाहीत, कारण चिनी पाचांत वायू आणि आकाश नाही, आपल्यात लाकूड आणि धातू नाही. आणि चिनी लोकांनीच हे दोन वेगळे ठेवलेत. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत नेले तेव्हा महाभूतांसाठी त्यांनी 'वूशिंग'मधला हातातला 'शिंग' वापरला नाही, 'दा' म्हणजे मोठं असा 'महा'चा अर्थ घेऊन पृथ्वी, आप, तेज, वायू यांना 'चार दा' म्हटलं. त्या भाषांतरकारांनी इतकी काळजी घेतली तर आपण उलट्या वाटेने घोळ का करायचा?

खरं तर 'तत्त्व' पण बरोबर नाही. शिंग म्हणजे चालणं, जाणं. सायकलला चिनीत 'त्झशिंगछे' म्हणतात, स्वतः चालणारी गाडी, त्यातला शिंग तो हाच. लाकडातून आग, आगीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, मग पाणी, मग परत लाकूड, असं ते फिरत राहतं. पाणी आगीला आवरतं, आग धातूला वितळवते. ही घडण्याची चाल आहे, वस्तू नाही. मी तरी 'पंचगती' लिहीन.

पाटीपेन्सिल:
पंचगती आवडला, पण 'अग्निगती' वाचून कुणाला काय कळणार? आणि धातूचं पण तेच दुखणं. आयुर्वेदात धातू म्हणजे रस, रक्त, मांस.

दुर्वांकुर:
मग 'लोह' करा. दाह मात्र सोडू नका.

उंबरठा:
दाहासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'यान'. त्याचं अक्षर म्हणजे एका आगीवर दुसरी आग काढलेली. आजच्या चिनीत सूज येऊन लाल होतं त्या सगळ्या रोगांच्या नावाला हेच यान लागतं. तुम्ही दाह इथे खर्च केलात तर तिथे काय लिहिणार?

नदीकाठ:
मी सहा वर्षं दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौला होते म्हणून लिहिते. पहिल्या उन्हाळ्यात लिचीवर नुसता ताव मारला, तिसऱ्या दिवशी जिभेच्या शेंड्याला फोड. ऑफिसमधल्या ताईंनी जीभ बाहेर काढायला लावली, बघितली, म्हणाल्या शांगहुओ, आणि हाताला धरून ल्यांगछाच्या दुकानात नेलं. दारातच भोपळ्याच्या आकाराचं मोठं तांब्याचं भांडं, त्याच्या तोटीतून वाडग्यात काळं गरम पाणी. नाव 'गार चहा' आणि हातात वाडगा चटका देणारा! गार म्हणजे गुणाने गार, जसं आपण धने-जिऱ्याचं पाणी थंड म्हणतो. काडेचिराइतापेक्षा कडू होतं, दोन घोट घेऊन डोळ्यात पाणी आलं, त्या समोर उभ्या राहिल्या संपेपर्यंत. ल्यांगछा २००६ साली चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेलाय. मला त्यांच्या तोंडचा शब्द आणि माझ्या आईचा 'उष्णता' शब्द एकच वाटला, कणभरही फरक वाटला नाही.

सोनटक्का:
हेच तर म्हणतेय मी! लोकांच्या तोंडचा शब्द आहे, त्याला लोकांच्या तोंडचाच शब्द द्या.

उंबरठा:
शांगहुओपुरतं मान्य. पण सगळीकडे हुओला उष्णता करू नका. 'हुआंगदी नेइचिंग' या चिनी वैद्यकाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय की बेताचा हुओ प्राणशक्ती वाढवतो, दांडगा हुओ ती खातो. तिथे 'बेताची उष्णता' वाचून बघा, चुलीची गोष्ट जाते आणि तापाची येते. शिवाय हृदयाचा तो राजा-अग्नी आणि त्याच्या हाताखालचा मंत्री-अग्नी. राजा-उष्णता म्हणणार का?

पाटीपेन्सिल:
म्हणजे एका शब्दाला दोन शब्द? पुस्तिकेत शेवटी शब्दसूची आहे, तिथे एकच द्यायचा असं ठरलंय. आणि अजून एक, हृदयातला हुओ लहान आतड्यात उतरला की लघवीला जळजळ होते असं लिहिलंय, त्यावर 'दाओछीसान' म्हणून औषध, म्हणजे लाल खाली वाट काढून नेणारं चूर्ण. त्या जळजळीला मी 'उन्हाळी लागणे' लिहिलंय, चालेल ना?

सोनटक्का:
चालेल काय, पळेल! अग्नीचा ऋतू उन्हाळा, आणि आपल्याकडे त्या दुखण्याचं नावच उन्हाळी. बघा कसं जुळतं.

कोकणकडा:
उन्हाळीचा उन्हाळ्याशी संबंध नाही हो. ऊन म्हणजे गरम. ऊन ऊन भात, ऊन पाणी. आमच्याकडे राजापूरला गरम पाण्याचे झरे आहेत त्या गावाचं नाव उन्हाळे, दापोलीकडे उन्हवरे. ते काय उन्हाळ्यात गरम असतात का? बारा महिने वाफ निघते. लघवी ऊन होते म्हणून उन्हाळी.

दुर्वांकुर:
पण उन्हाळा हा उष्णकाल वरूनच आला, हिमकालचा हिवाळा तसा. शेवटी मूळ उष्णच.

कोकणकडा:
मूळ एक असेल, पण मुलगी कुणाची हा प्रश्न आहे. आमची आजी भर पावसाळ्यात पण "उन्हाळी लागली" म्हणायची, कोकमाचं पाणी द्यायची.

नदीकाठ:
आमच्या विदर्भात मात्र एप्रिल-मे सोडून कधी ऐकला नाही हा शब्द.

पाटीपेन्सिल:
मंडळी, शब्दसूचीत हुओसमोर काय लिहू? बुधवारी पाठवायचीय.

कोकणकडा:
विदर्भात 'ऊन पाणी' म्हणतात का आंघोळीच्या पाण्याला, की गरमच?